८० वॉटचा रिसीव्हर घेऊ का १०५ चा? आधी कूलर बंद करून पाहा

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे तो इथूनच परत जाईल. एकाच कंपनीच्या दोन रिसीव्हरमध्ये (रिसीव्हर म्हणजे होम थिएटरचे सगळे स्पीकर चालवणारा एम्प्लीफायरचा डबा) एकावर ८० वॉट लिहिलंय आणि दुसऱ्यावर १०० किंवा १०५, तर त्या वीस-पंचवीस वॉटसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. महागड्या मॉडेलमध्ये तुमच्या कामाचं दुसरं काही असेल तर खुशाल घ्या, वॉटसाठी मात्र घेऊ नका. आता ज्याला वेळ आहे, वावरातून आलाय, चहा झालाय, त्याच्यासाठी पुढचं.

हे लिहायचं कारण म्हणजे आमचा भाचा. दर्यापूरकडं त्यानं यंदा स्लॅबचं घर बांधलं, हॉल चांगला १४ बाय २० चा काढला आणि आता होम थिएटरचं भूत डोक्यात शिरलं. माझं तालुक्याला रिपेरिंगचं दुकान आहे, टेप, डेक, टीव्ही, एम्प्लीफायर सगळं याच टेबलावरून गेलं, त्यामुळे नात्यागोत्यात कोणाला साधी स्पीकरची वायर घ्यायची असली तरी फोन मलाच येतो. याचाही आला. "मामा, एकात ८० वॉट हाय अन् दुसऱ्यात १०५, अन् दुकानदार तीन-चार क्विंटल कापसाचे पैसे जास्त मांगून राह्यला, कोनता घेऊ?" मी विचारलं, "तुले आवाज किती लागते?" तर म्हणे, "लय." आता लय किती हे मोजायचं मीटर माझ्या दुकानात तरी नाही.

गफलत कुठं होते सांगतो. आपल्याला मोटारपंपाची सवय, ३ एचपीची काढून ५ एचपीची बसवली की पाणी त्या मानानं जास्त पडणार, हे डोळ्यानं दिसतं. कानाचं तसं नाही. पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि ३ डेसिबल म्हणजे आवाज जरासा वाढला असं वाटण्याइतपत. ऐकणाऱ्याला "दुप्पट झाला बुवा" असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि १० डेसिबलला पॉवर दहापट लागते. म्हणजे ८० वॉटवाल्याच्या दुप्पट आवाज पाहिजे असेल तर १६० वॉट घेऊन भागत नाही, ८०० लागतात. आता याच हिशोबानं डेनॉन कंपनीचे रिसीव्हर बघा, एक्स-१७००एच ला ८० वॉट, एक्स-२८००एच ला ९५, एक्स-३८००एच ला १०५. ८० वरून ९५ म्हणजे पाऊण डेसिबल. ८० वरून १०५ म्हणजे १.२ डेसिबल. यामाहाचा आरएक्स-व्ही४ए ८० चा आणि आरएक्स-व्ही६ए १०० चा, तो फरक एका डेसिबलला पण किंचित कमी. एक डेसिबलचा फरक कानाला कळतो न कळतो, तोही एकामागोमाग लगेच ऐकवला तर. आज एक ऐकला अन् उद्या दुसरा, तर कोणाचा बाप ओळखू शकत नाही.

आणि हे सगळं कधी, तर दोन्ही मशीन पार शेवटपर्यंत ताणल्या तेव्हा. रोजच्या ऐकण्यात तुम्ही ८० पण वापरत नाही आणि ४० पण नाही. किती वापरता त्याचा हिशोब इथंच करून टाकू, कारण हा हिशोब एकदा केला की दुकानदार तुम्हाला गुंडाळू शकत नाही.

स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी म्हणून एक आकडा असतो. समजा ८७ डेसिबल लिहिलंय, पुढं २.८३ व्होल्ट, १ मीटर. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की बरोबर १ वॉट होतो, म्हणजे एका वॉटमध्ये एक मीटरवर ८७ डेसिबल, आणि ८७ हा काही लहान आवाज नाही, बाजूला बसलेल्याशी ओरडून बोलावं लागते. आपण काही स्पीकरला नाक लावून बसत नाही, भाच्याचा सोफा साडेतीन मीटरवर येतो, म्हणजे साडेअकरा फूट. उघड्या मैदानात एवढ्या अंतरानं ११ डेसिबल गेले असते, पण खोलीत भिंती काही आवाज परत देतात आणि स्पीकर दोन असतात, म्हणून पाच-सहा परत मिळतात. हाती राहिले ८१-८२ डेसिबल, एकेका वॉटमध्ये. आता बातम्या, मालिका, घरात माणसं बोलून राहिली आणि टीव्ही चालू आहे असा आवाज धरा ६५ डेसिबल, तर त्याला लागतो एका वॉटचा पन्नासावा हिस्सा. पन्नासावा! सिनेमा जरा दणक्यात लावला, सरासरी ७५ धरली, तर वॉटचा पाचवा हिस्सा. त्यात मधेच स्फोट झाला, दरवाजा आपटला, ढोल वाजला तर तो क्षण सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतो, म्हणजे शंभरपट, म्हणजे २० वॉट, तेही डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ.

दुसऱ्या बाजूनं पण पडताळा घेता येतो. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर व्हॉल्युम उणे २०, उणे ३० असा दिसतो ना, मायक्रोफोन लावून सेटिंग केली असेल तर त्यातला ० म्हणजे सिनेमावाल्यांची ठरलेली पातळी, तिथं एकेका चॅनलचं, म्हणजे एकेका स्पीकरला जाणाऱ्या आवाजाचं, शिखर १०५ डेसिबलपर्यंत जातं. भाच्याच्या हॉलमध्ये त्या ८७ वाल्या एका स्पीकरला सोफ्यापर्यंत १०५ पोचवायचे तर चारशेच्या आसपास वॉट लागतील. म्हणजे तिथं ८० पण फेल आणि १०५ पण फेल, दोघं एकाच बाकावर. आणि उणे २० वर ऐकलं तर तेच काम ४ वॉटमध्ये होतं, तिथं दोघं पहिल्या नंबरात पास. माझ्या घरी उणे २५ च्या पुढं गेलं की आतून आवाज येतो, "अहो, पोरगी अभ्यास करून राहिली", आणि त्या आवाजाला कुठल्याच कंपनीचा एम्प्लीफायर पुरत नाही.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, रिसीव्हरचे वॉट बघायच्या आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघ. ८६ चा स्पीकर आणि ९० चा स्पीकर यात ४ डेसिबल, म्हणजे अडीचपट पॉवर. ९० वाला ८० वॉटवर जेवढा वाजेल तेवढं वाजायला ८६ वाल्याला २०० वॉट लागतात. इथं थेट फरक पडतो आणि तो फुकटात पडतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या गावातच टांगलेलं आहे, गजानन महाराजांच्या मंदिरावरचा भोंगा. आतलं युनिट ३०-४० वॉटचं असते आणि सकाळची आरती शिवारात वखर धरलेल्या माणसाला ऐकू येते, कारण भोंग्याची सेन्सिटिव्हिटी शंभराच्याही वर असते. त्यात बास नाही, गोडवा नाही, ते वेगळं, पण आवाज वॉटमधून कमी आणि स्पीकरच्या बनावटीतून जास्त येतो हे भोंगा रोज सकाळी ओरडून सांगतो. फक्त एक सांभाळा, ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ नाही तर २ वॉट होतात, त्यामुळे तिथं छापलेले ९० हे खरे ८७ च असतात. कागदावर ओहम बघितल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही.

आता छापलेल्या वॉटवर येतो, आणि इथं मी जरा वेळ घेणार आहे, माझ्या आवडीचा विषय आहे.

दिवाळीत बाजारात पाच हजार वॉट पीएमपीओ (क्षणभराच्या पॉवरचा फुगवलेला आकडा) लिहिलेले डबे येतात, लाल-निळे लाइट, पुढं जाळी, पोट्ट्यांची गर्दी. असे डबे उघडायचं भाग्य मला नेहमी मिळतं. आत काय असते, ४४४० ची आयसी आणि १२ व्होल्ट ३ एम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर. आता १२ गुणिले ३ म्हणजे ३६. आत जाणारी वीजच छत्तीस, तर बाहेर पाच हजार कुठून येतील, वरून पाऊस पडतो का वॉटचा? त्या आयसीच्या स्वतःच्या कागदावर स्टिरिओला ६-६ वॉट आणि ब्रिज केली, म्हणजे दोन्ही बाजू एकाच स्पीकरला जोडल्या, तर १९ वॉट लिहिलेलं आहे, आणि गंमत म्हणजे एवढ्यात पण तो डबा पूर्ण आळी उठवतो.

कोणी म्हणेल, भाऊ, हे तर लोकल झालं, मोठ्या कंपन्या तसं करत नाहीत. खोटं छापत नाहीत हे खरं, पण सोयीचं छापतात. एकच मशीन. ८ ओहम, दोन चॅनल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ पूर्ण पट्टा, विकृती (मूळ आवाजात मशीननं केलेली भेसळ) ०.०८ टक्के, अशी मोजली तर ८० वॉट. तीच मशीन ६ ओहमवर, एकच चॅनल चालू, फक्त १ किलोहर्ट्झचा सूर आणि विकृती १ नाहीतर १० टक्के चालेल म्हणून मोजली तर १४०-१५० किंवा त्याच्याही वर. दोन्ही आकडे खरे आणि मशीन तीच. म्हणजे बघा, एकाच मशीनचे दोन पद्धतीनं काढलेले वॉट यातलं अंतर हे दोन मॉडेलमधल्या अंतरापेक्षा मोठं निघतं. अमेरिकेत या प्रकाराला कंटाळून १९७४ मध्येच नियम आला की वॉट छापायचे तर कोणत्या ओहमवर, कोणत्या पट्ट्यात, किती विकृतीवर ते पण सांगा, आणि २०२४ मध्ये तो नियम आणखी घट्ट केला. आपल्याकडच्या दुकानात मात्र खोक्यावर जो आकडा मोठा दिसतो तोच बोलला जातो. दुकानदाराला फक्त एवढं विचारा, "भाऊ, हे वॉट किती ओहमवर अन् किती चॅनल चालू ठेवून?" तो गप झाला की समजायचं.

त्यात अजून एक मेख आहे. ७ चॅनल गुणिले ८० म्हणजे ५६० वॉट आणि ९ गुणिले १०५ म्हणजे ९४५ असा गुणाकार करायचा नाही. आतला ट्रान्सफॉर्मर एकच असतो आणि सगळे चॅनल त्याच्याकडूनच मागतात, सगळ्यांनी एकदम पूर्ण मागितलं तर प्रत्येकाच्या वाट्याला छापलेल्यापेक्षा बरंच कमी येतं. सिनेमात सगळे चॅनल एकदम पूर्ण जोरात वाजण्याची वेळ क्वचितच येते म्हणून हे खपून जातं, त्यात फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही.

आता आपल्या भागाच्या गोष्टी, ज्या कोणत्याच ब्रोशरमध्ये नसतात.

पहिला कूलर. आमच्याकडं होळी झाली की लोखंडी कूलर खिडकीत बसतो तो मृग लागेपर्यंत उतरत नाही. भाच्याच्या हॉलमध्ये मी मोबाईलच्या ॲपनं मोजून पाहिलं, कूलर फुल्ल असताना सोफ्यावर साठच्या वर दाखवून राहिला होता, ॲप काही प्रयोगशाळेचं यंत्र नाही पण अंदाजाला पुरते. त्या घरघरीवर माणसाचं बोलणं नीट ऐकू यायचं तर व्हॉल्युम आठ-दहा डेसिबल वर न्यावा लागतो. १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर. म्हणजे तीन-चार क्विंटल कापूस विकून तुम्ही जो एक-सव्वा डेसिबल विकत आणला तो कूलरनं आठ वेळा गिळला. कूलर स्लोवर करणं, त्याचा पंखा नीट बॅलन्स करणं, बुशिंगला तेल देणं, खिडकीच्या चौकटीत रबर कोंबून पत्र्याची थरथर बंद करणं, हे सगळं करून चार-पाच डेसिबल सहज कमी होतात आणि खर्च शंभर-दोनशे रुपये. तरीही रोजच्या ऐकण्याला ८० वॉट पुरतात, बरं का, वरचा हिशोब परत मांडा, उणे २० वरचे ४ वॉट दहापट केले तरी ४० च होतात. दणक्यात लावलेल्या सिनेमाच्या शिखराचे २० वॉट मात्र २०० होतात, आणि तिथं १०५ वाला पण फेल. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असेल तर मात्र माझ्याकडं उपाय नाही, तेव्हा भजी तळायची.

दुसरं व्होल्टेज, आणि हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटते कारण यावर कोणी बोलतच नाही. भाच्याचं घर गावाच्या टोकाला, डीपीपासून लांब, आणि ओलिताचे दिवस आले, हरभऱ्याला-गव्हाला पाणी सुरू झालं, की संध्याकाळी लाइन पार बसते, २३० च्या जागी १८० सुद्धा दिसतात. बहुतेक रिसीव्हरमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर आणि साधा पॉवर सप्लाय असतो, त्यामुळे भिंतीतलं व्होल्टेज पडलं की आतलं पण त्याच प्रमाणात पडते, आणि पॉवर जाते व्होल्टेजच्या वर्गानं. १८० भागिले २३० करा, त्याचा वर्ग करा, येतात ०.६१. म्हणजे १०५ वॉटची मशीन १८० व्होल्टवर ६४ वॉटची होते आणि ८० ची ४९ ची. दोन डेसिबलच्या वर गेले, गिऱ्हाइकाला पत्ता नाही. म्हणजे १०५ वाला विनास्टॅबिलायझर घेणाऱ्यापेक्षा ८० वाला घेऊन चांगला स्टॅबिलायझर लावणारा संध्याकाळी जास्त वॉटचा मालक असतो. लाइनच्या लपंडावात रिसीव्हरची रिले खटखट करत राहते तो त्रास वाचतो तो वेगळाच. आणि इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा पाहिजे, स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घूं करतो आणि तोच घूं शांत सीनमध्ये ऐकू येतो. वॉटची भीती इन्व्हर्टरला बाळगायची गरज नाही, रोजच्या आवाजात रिसीव्हर भिंतीतून ओढतो तो बहुतेक नुसतं जिवंत राहण्यासाठी, एखाद्या पंख्याच्या आसपास.

अर्थिंगचं पण बघून घ्या, नवीन घरात पण खड्डा नावापुरता असतो. आणि वळवाच्या वादळात, गडगडाट सुरू झाला की रिसीव्हरची पिन आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवायच्या. मे-जूनमध्ये माझ्या टेबलावर जे येते ते बहुतेक विजेनं मारलेलंच असते, वॉट कमी पडले म्हणून मेलेला रिसीव्हर माझ्याकडं कोणी आणला नाही.

तिसरी गरमी. ४५ अंशाच्या दुपारी काचेच्या बंद टीव्ही युनिटमध्ये रिसीव्हर कोंबला तर तो तापून स्वतःच बंद पडतो आणि लोक म्हणतात मशीन खराब निघाली. वर वीतभर तरी मोकळी जागा पाहिजे. इथं खरं सांगायचं तर मोठ्या मॉडेलचा थोडा फायदा होऊ शकतो, हीटसिंक आणि ट्रान्सफॉर्मर मोठे असले तर तापमान हळू चढतं. आणि जाळीतून पाली आत जातात बरं, बारीक जाळी लावा पण हवा अडणार नाही अशी. मी उघडलेल्या मशीनमध्ये बोर्डावर चिकटून वाळलेली पाल हा नित्याचा पाहुणा आहे, आणि तिनं केलेलं शॉर्ट वॉरंटीत बसत नाही.

मग वॉट कधी बघायचे? बघायचे ना. हॉल मोठा असेल, वीस फुटांवरून ऐकायचं असेल, स्पीकर ८४-८५ सेन्सिटिव्हिटीचे आणि वरून ४ ओहमचे असतील, सबवूफर (फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर) नसेल आणि आवाजाची हौस मोठी असेल तर ८० वॉट खरंच कमी पडतात. पण तेव्हा १०५ घेऊन पण कमीच पडतात! फरक कळायला निदान दुप्पट-तिप्पट पाहिजे, आणि तो पुढच्या मॉडेलमध्ये मिळत नाही, तो बाहेरून वेगळा पॉवर एम्प्लीफायर जोडून मिळतो. त्यासाठी रिसीव्हरच्या पाठीवर प्री-आउट, म्हणजे बाहेरच्या एम्प्लीफायरला सिग्नल देणारी भोकं, लागतात. एक्स-१७००एच ला मुख्य चॅनलचे प्री-आउट नाहीत, एक्स-३८००एच ला सगळ्या मुख्य चॅनलचे आहेत. म्हणजे जास्त पैसे देण्याचं खरं कारण वॉटच्या रकान्यात नाहीच, ते मशीनच्या पाठीमागं आहे. तसंच त्या मोठ्यात ९ चॅनल आहेत, छोट्यात ७, आणि खोलीचा आवाज सुधारणारी ऑडिसीची वरच्या दर्जाची पद्धत आहे. छतात चार स्पीकर टाकून वर खाली सगळीकडं बसवायचे असतील तर ९ चॅनलला अर्थ आहे. भाच्याला पाचच लावायचेत.

एम्प्लीफायर कमी पडला की काय होतं ते पण सांगतो, कारण आवाज कमी येतो एवढ्यावर ते थांबत नाही. ताणलेला एम्प्लीफायर लहरीचा माथा कापून चपटा करतो, याला क्लिपिंग म्हणतात, आवाज कर्कश होतो, उंच सुरांचा वाटा वाढतो आणि ट्विटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, तापतो. लग्नसराईत माझ्याकडं जळालेल्या ट्विटरची रांग लागते ती यामुळेच, वरातीत कोणीतरी "वाढव बे" म्हणते आणि ऑपरेटर लाल लाइट पेटलेला असताना पण वाढवतो. घरात हे टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सबवूफर. बास सगळ्यात जास्त पॉवर खातो, आणि बहुतेक सबवूफरमध्ये स्वतःचा एम्प्लीफायर असतो. रिसीव्हरच्या मेन्यूत स्पीकर स्मॉल करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवला की ८० च्या खालचं ओझं सबवूफरकडं जातं आणि रिसीव्हर मोकळा होतो. तेव्हा हे ८० वॉट पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वाटायला लागतात. मी १०५ वाल्याच्या ऐवजी ८० वाला अधिक सबवूफर हाच जोड सुचवीन, डोळे झाकून.

खोलीचं थोडक्यात. नवीन घर, चकचकीत टाइल, सिमेंटच्या भिंती, पडदे अजून नाहीत, टाळी वाजवली तर टाळीच परत येते. तिथं बोलणं समजत नाही म्हणून माणूस व्हॉल्युम वाढवतो, आणि वाढवल्यानं अजूनच कालवा होतो. जाड सतरंजी, पडदे, मागच्या भिंतीला कापडाचं काहीतरी, एवढ्यानं सुद्धा फरक पडतो. १४ फुटांच्या रुंदीत ४० हर्ट्झच्या जवळ बास फुगतो आणि २० फुटांच्या लांबीत २८ च्या जवळ, हा भिंतींचा गुण आहे, मशीन बदलून जात नाही, सोफा आणि सबवूफर फूट-दोन फूट सरकवून बघायचा. जिथं बास कमी वाटतो तिथं इक्वलायझरनं ६ डेसिबल चढवले तर त्या पट्ट्यात पॉवर चौपट लागते, हे ध्यानात ठेवा, फुगलेलं कमी करणं केव्हाही स्वस्त. आणि मायक्रोफोन लावून ऑटो सेटिंग करताना कूलर, पंखा, मिक्सर सगळं बंद, नाहीतर मशीन कूलरलाच गाणं समजून हिशोब करते.

राहिली वायर. भाच्यानं लाइटिंगची उरलेली बारीक वायर मागच्या स्पीकरला ओढायचं ठरवलं होतं, दहा मीटर. ०.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन वीस मीटर होते, तिचा अवरोध ०.७ ओहमच्या घरात जातो आणि ८ ओहमच्या स्पीकरवर पाऊण डेसिबल तिथंच जिरतो. पाऊण डेसिबल म्हणजे कोणता, तोच, ८० आणि ९५ मधला. २.५ स्क्वेअर एमएमची घ्या, नुकसान ०.१५ डेसिबलवर येतं. कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरीची गरज नाही.

हे सगळं ऐकून भाचा म्हणे, "म्हंजे मामा, ८० चा घेऊ ना?" मी म्हटलं, "८० चा घे, सबवूफर घे, पण पयले एक काम कर. संध्याकाळी सात ते दहा दर अर्ध्या तासानं प्लगमधलं व्होल्टेज लिहून ठेव." मीटर माझाच दिलाय. त्यानं व्हॉट्सॲपवर जो कागद पाठवला त्यात सगळ्यात खालचा आकडा १८४ आहे, तोही अजून हरभऱ्याचं पाणी सुरू व्हायचंय. म्हणून पहिली खरेदी स्टॅबिलायझरची ठरली. रिसीव्हर कापूस विकल्यावर, आणि कापूस तो भाव वाढेपर्यंत विकायला तयार नाही, घरातच गंजी लावून ठेवलाय, हॉलमध्ये. तेवढा एक फायदा झाला म्हणा, सध्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर ती परत येत नाही.